गंभीर गुन्ह्यात नाव आलं तर: एफआयआरपासून निकालापर्यंत बचावाची तयारी

खुनाचा प्रयत्न, मोठी फसवणूक, अपहार, गंभीर दुखापत अशा गुन्ह्यात घरातल्या कुणाचं नाव आलं की सगळे ओळखीपाळखी शोधायला लागतात. कुणी नगरसेवकाला फोन लावतो, कुणी पोलीस ठाण्याबाहेर तासन्‌तास उभा राहतो. या धावपळीत महत्त्वाचे तास निघून जातात. फौजदारी बचाव कागदांवर आणि तारखांवर उभा राहतो, आणि दोन्हींची मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू होते. म्हणून पहिल्याच दिवशी एक वही करा. कोण कधी आलं, काय म्हणालं, कोणता कागद दिला, कुठे सही घेतली, हे सगळं तारीख-वेळेसह लिहीत जा.

कलमं नीट वाचा

सगळ्यात आधी एफआयआरची प्रत हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनुसार लैंगिक गुन्हे, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणं सोडून बाकीच्या एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायच्या असतात. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारीख टाकून शोधता येतं. तिथे सापडली नाही तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, नाहीतर न्यायालयातून नक्कल काढा.

हातात आलेल्या प्रतीवर आधी घटनेची तारीख बघा. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर गुन्हा भारतीय दंड संहितेखाली, त्यानंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेखाली. जुनं ३०७ आता १०९ आहे, ४२० आता ३१८(४), ४९८-अ आता ८५ आणि ३०२ आता १०३(१). कार्यपद्धतीसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. या लेखातली कार्यपद्धतीची सगळी कलमं या नव्या संहितेतली आहेत.

मग प्रत्येक कलमापुढे चार गोष्टी लिहून काढा: दखलपात्र आहे का (म्हणजे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते का), जामीनपात्र आहे का (म्हणजे जामीन हक्काने मिळतो का), जास्तीत जास्त शिक्षा किती, आणि खटला कोणत्या न्यायालयात चालणार. सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत ही माहिती तक्त्यात दिलेली आहे. हे पाऊल गाळू नका, कारण पुढचं सगळं याच चार उत्तरांवर ठरतं.

एका भांडणाचं उदाहरण घेऊ. समोरच्याचा हात मोडला. नुसती गंभीर दुखापत म्हणून न्याय संहितेचं कलम ११७(२) लागलं तर शिक्षा ७ वर्षांपर्यंत आणि गुन्हा जामीनपात्र. तीच दुखापत धोकादायक हत्याराने झाली असं म्हटलं की ११८(२) लागतं, शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते आणि गुन्हा अजामीनपात्र होतो. ‘जीव घ्यायचाच हेतू होता’ असं फिर्यादीत आलं की १०९. घटना तीच, पण फिर्यादीत हत्यार कोणतं लिहिलं, वार शरीराच्या कुठल्या भागावर सांगितला आणि डॉक्टरांच्या जखमेच्या दाखल्यात काय आलं, यावर माणूस त्याच दिवशी सुटतो की तीन महिने आत राहतो हे ठरतं. फिर्यादीत कोयता आणि दाखल्यात बोथट वस्तूने झालेली जखम, अशी विसंगती जामिनाच्या युक्तिवादात फार मोलाची असते. तिच्याखाली पहिल्याच दिवशी रेघ मारून ठेवा.

एफआयआरमध्ये न्याय संहितेचं ३(५) किंवा १९० हे कलम दिसलं तर समान इरादा किंवा बेकायदेशीर जमाव दाखवून घरातल्या सगळ्यांना गोवलेलं असतं. अशा वेळी प्रत्येकाची भूमिका वेगळी मांडावी लागते. सगळ्यांसाठी एकच ठोकळेबाज अर्ज केला की ज्याचं नाव नुसतं ‘सोबत होता’ एवढ्यावर आलंय त्याचं नुकसान होतं.

अटकेआधी वेळ मिळाला असेल तर

७ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. अटक का गरजेची आहे याची कारणं पोलिसांना नोंदवावी लागतात. कारण नसेल तर कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस देतात. जुने लोक आजही तिला ‘४१-अ ची नोटीस’ म्हणतात. ही नोटीस पाळणाऱ्याला सहसा अटक होत नाही, आणि न पाळणं हेच अटकेचं कारण ठरू शकतं. जाताना वकिलाला सोबत न्या, हजर झाल्याची पोच घ्या, आणि द्यायचे कागद यादी करून, यादीवर शिक्का घेऊनच द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली नोटीस ही रीतसर बजावणी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही तिच्याकडे काणाडोळा करू नका. वकिलामार्फत लेखी उत्तर पाठवा. व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ झाल्याचं कुणी सांगितलं तर तो भामटा समजा. अशी अटक कायद्यात नाही. फोन ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

अजामीनपात्र गुन्ह्यात अटकेची भीती खरी असेल तर कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो. अधिकार सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय दोघांनाही आहे, पण सुरुवात सत्र न्यायालयातून करणंच शहाणपणाचं. अर्ज दाखल झाला की न्यायालय सरकार पक्षाचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. त्यात काही दिवस जातात. या मधल्या काळासाठी अंतरिम संरक्षणाची मागणी त्याच अर्जात हवी, कारण नुसता अर्ज प्रलंबित असल्याने अटक थांबत नाही. काही गुन्ह्यांत हा मार्गच बंद आहे. अल्पवयीन मुलींवरील बलात्काराच्या ठरावीक कलमांत तो मिळत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही मनाई आहे. त्या कायद्यात तक्रारीवरून प्रथमदर्शनी गुन्हाच बनत नसेल तरच न्यायालय वाट मोकळी करतं.

या काळात पळून जाणं, फोन फोडणं, फिर्यादीला भेटून समजूत काढायला जाणं, यातलं काहीही करू नका. अटकपूर्व जामीन नाकारायला सरकारी वकिलाला आयतं कारण मिळतं, आणि साक्षीदारावर दबाव टाकल्याचा वेगळा गुन्हाही होऊ शकतो.

अटकेनंतरचे २४ तास

अटक झाली की घरच्यांनी पुढच्या गोष्टी तपासायच्या.

अटकेचा पंचनामा झाला का? कलम ३६ प्रमाणे त्यावर घरातल्या किंवा परिसरातल्या एका प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी, आणि अटक झालेल्याचीही. अटकेची वेळ त्यात बरोबर आहे का ते आधी बघा. माणसाला दुपारी घरून ‘चौकशीला’ नेलं आणि अटक रात्री दाखवली, असं झालं असेल तर नेल्याची वेळ सोसायटीच्या कॅमेऱ्यात असते. ते चित्रण लगेच जपून ठेवा, कारण २४ तासांची मुदत त्याच्यावर मोजायची असते. त्या मुदतीत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणं बंधनकारक आहे. संविधानाचं अनुच्छेद २२ आणि कलम ५८ हेच सांगतात.

अटकेची कारणं लेखी मिळाली का? हा मुद्दा आता फार जड झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, अटकेची कारणं सर्व गुन्ह्यांमध्ये लेखी आणि अटक झालेल्याला कळणाऱ्या भाषेत द्यायला हवीत असं ठरवलं. जागच्या जागी लिहून देणं शक्य नसेल तर तोंडी सांगून नंतर लेखी द्यावीत, पण रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागण्यासाठी, दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. नुसती कलमांची यादी म्हणजे कारणं नव्हेत. ‘तुम्ही अमुक तारखेला अमुक केलं, म्हणून अटक’ असं त्या माणसाला लागू पडणारं लिहिलेलं हवं. नसेल तर पहिल्याच रिमांडला वकिलाने हरकत घ्यावी आणि ती रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, नोंदवून घ्यावी.

नातेवाइकाला कळवणं, वैद्यकीय तपासणी, चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणं हे सगळे हक्क आहेत. वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही. मारहाण झाली असेल तर डॉक्टरांना सांगा आणि दंडाधिकाऱ्यांनाही सांगा. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असं दंडाधिकारी विचारतात तेव्हा घाबरून ‘नाही’ म्हटलं की तेच नोंदलं जातं. महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंगी महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊनच ती करता येते.

जबाबाचं काय? नाव, पत्ता, ओळख सांगा. गुन्ह्याबद्दल स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कुणीही करू शकत नाही, अनुच्छेद २०(३) त्यासाठीच आहे. पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात चालत नाही. पण त्या बोलण्यातून एखादी वस्तू सापडली, हत्यार किंवा पैसे, तर तेवढा भाग चालतो. म्हणून ‘कोर्टात टिकत नाही, आता म्हणून टाक’ हा सल्ला ऐकू नका. कोऱ्या कागदावर सही करू नका. तपासातल्या साक्षीदाराच्या जबाबावर तर सही घ्यायचीच नसते.

वकील कसा निवडायचा

फौजदारी काम रोज करणारा आणि त्याच जिल्ह्यातल्या सत्र न्यायालयात उभा राहणारा वकील घ्या. जमिनीचे दावे उत्तम चालवणारा वकील रिमांडच्या टेबलावर तितका उपयोगी पडेलच असं नाही. सनद क्रमांक विचारायला संकोच करू नका, त्यावरून महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे खात्री करता येते. पहिल्या भेटीत तीन प्रश्न विचारा: कोणत्या कलमामुळे अडचण आहे, दोषारोपपत्राची (पोलीस तपासाअंती न्यायालयात दाखल करतात ती चार्जशीट) मुदत ६० दिवस की ९०, आणि फी कोणत्या टप्प्यापर्यंतची आहे. रिमांड, जामीन, उच्च न्यायालय आणि खटला हे चार वेगळे टप्पे आहेत. फी कुठल्या टप्प्याची ते लिहून घ्या आणि पावती घ्या.

‘जामीन झाला तरच पैसे’ असा सौदा बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. वकिलाने स्वतःच्या अशिलाला जामीनदार राहणंही नियमाविरुद्ध आहे. ‘साहेबांशी बोलणं झालंय’ म्हणून वेगळी रक्कम मागणाऱ्यापासून दूर राहा, मग तो काळ्या कोटातला असो वा बाहेरचा.

पैसे नसतील तर सरकारी खर्चाने वकील मिळणं हा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या प्रत्येकाला, तसंच महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न बघता ही मदत मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि १५१०० ही हेल्पलाइन आहे. अनेक जिल्ह्यांत आता फक्त आरोपींची बाजू मांडण्यासाठी पूर्णवेळ वकील नेमलेले आहेत. त्यांना कमी लेखू नका. खासगी वकील ठरेपर्यंत पहिली रिमांड कोरी जाण्यापेक्षा तेच उभे राहिलेले बरे.

रिमांड आणि दिवसांची मोजणी

पहिल्या हजेरीला पोलीस रिमांड अर्ज देतात. त्याची प्रत मागून घ्या. कोठडी का हवी याची कारणं त्यात असतात: हत्यार हस्तगत करायचं आहे, साथीदार शोधायचे आहेत, पैशांचा माग काढायचा आहे. प्रत्येक कारणाला उत्तर हवं. हत्यार आधीच जप्त आहे, मोबाइल दिला आहे, बँकेची कागदपत्रं बँकेतूनच मिळतात, अशी. दुसऱ्या वेळी तीच कारणं पुन्हा लिहून आली तर दोन्ही अर्ज शेजारी ठेवून दाखवा.

पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त नाही. पूर्वी ती पहिल्या १५ दिवसांतच संपायची. आता कलम १८७ प्रमाणे ती तुकड्यांनी, गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत कधीही मागता येते. न्यायालयीन कोठडीत गेला म्हणजे पोलीस कोठडी संपली असं धरून चालू नका.

आता सर्वांत मोलाची मोजणी. मृत्युदंड, जन्मठेप किंवा १० वर्षं वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क बनतो. मोजायचं अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून, आणि तो दिवस धरून. पहिली रिमांड १ मार्चला झाली असेल तर साठावा दिवस २९ एप्रिल, म्हणजे ३० एप्रिलला सकाळी अर्ज दाखल व्हायला हवा. मुदत ९० दिवसांची असेल तर ३० मेला. मकोकासारख्या (संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या) कायद्यात ही मुदत न्यायालयाच्या परवानगीने १८० दिवसांपर्यंत जाते.

हा हक्क आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. ३० तारखेला अर्ज नाही केला आणि त्याच दुपारी दोषारोपपत्र आलं, तर हक्क गेला. अर्ज आधी पडला असेल तर नंतर आलेल्या दोषारोपपत्राने काही बिघडत नाही. म्हणून अर्ज आधीच टाइप करून ठेवा, वकिलाचा माणूस न्यायालय उघडताना तिथे हवा, आणि अर्जावर तारखेबरोबर वेळही टाकून घ्या. जामीन मंजूर झाल्यावर न्यायालयाने दिलेल्या मुदतीत जामीनदार उभा केला नाही तरीही हा हक्क निसटतो. ज्या घरात मोजणी झालेली नसते तिथे महिनोन्‌महिने तुरुंगात जातात, आणि ते पूर्णपणे टाळता येण्यासारखं असतं.

जामीन मिळाला, पण सुटका?

नियमित जामिनासाठी दंडाधिकाऱ्यांसमोर कलम ४८०, सत्र किंवा उच्च न्यायालयासमोर ४८३. जन्मठेपेच्या गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांकडून सहसा जामीन होत नाही. अर्जात भावनिक मजकूर कमी आणि ठोस मुद्दे जास्त हवेत: नेमकी भूमिका, जप्ती झाली आहे का, पूर्वीचे गुन्हे, कायमचा पत्ता, नोकरी, आजारपण. पूर्वीचा गुन्हा लपवू नका. सरकार पक्ष तो काढतोच, आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

आदेश झाल्यावर घरचे पेढे आणतात, आणि माणूस चार दिवस सुटत नाही. कारण जामीनदाराचे कागद तयार नसतात. जामीनदाराचं आधार कार्ड, शिधापत्रिका, फोटो, पगाराची चिठ्ठी किंवा सातबारा, आणि न्यायालयाने मागितल्यास तहसीलदाराकडचा ऐपतीचा दाखला लागतो. ऐपतीच्या दाखल्याला वेळ लागतो, म्हणून आदेशाची वाट न बघता आधीच अर्ज करा. तोपर्यंत काही आठवड्यांसाठी रोख जामिनावर सोडण्याची विनंती त्याच दिवशी करा, अनेक न्यायालयं ती मान्य करतात. मग सुटकेचा हुकूम तुरुंगात वेळेत पोचायला हवा. मुंबईत आर्थर रोडला तुरुंगाबाहेरच्या जामीनपेटीत तो टाकतात, आणि संध्याकाळची पेटी उघडण्याची वेळ चुकली की एक रात्र आणखी आत जाते.

ऐपत नसेल तर तसं लेखी सांगा. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार जामिनाच्या आदेशानंतर ७ दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं आहे, आणि महिनाभरात बंधपत्र देता आलं नाही तर न्यायालय अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं.

सुटल्यावर हजेरीची अट असेल तर ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जा आणि नोंदवहीतल्या सहीबरोबर स्वतःकडेही नोंद ठेवा. तारीख चुकली की वॉरंट निघतं. सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, ई-कोर्ट्‌सच्या अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख आपल्यालाच दिसते.

बचावाचा पुरावा आपण जपायचा

तपास अधिकारी आपल्या बाजूचा पुरावा गोळा करेल या भरवशावर राहू नका. कॅमेऱ्यांचं चित्रण बहुतेक ठिकाणी पंधरा दिवस ते महिनाभरात पुसून नवं चढतं. त्या वेळी आपला माणूस दुसरीकडे होता असं म्हणणं असेल तर टोलची पावती, कार्यालयातली हजेरी, रुग्णालयाचा केसपेपर आजच मिळवा. चित्रण दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर आधी लेखी पत्र द्या, आणि ऐकलं नाही तर कलम ९४ खाली न्यायालयात अर्ज करा. पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण किमान वर्षभर ठेवायचं असतं, २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे. बेकायदा डांबून ठेवल्याचा आरोप करायचा असेल तर ते जपून ठेवण्याचा अर्ज लवकर करा. मोबाइलमधले संदेश नुसते स्क्रीनशॉट काढून चालत नाही. मूळ उपकरण सांभाळा, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं.

दोषारोपपत्र आल्यावर

पोलिसांनी काय जमवलं ते इथे पहिल्यांदा पूर्ण दिसतं. हजर झाल्यापासून १४ दिवसांत सगळ्या प्रती मोफत मिळायला हव्यात. पानं मोजून घ्या. सीडी किंवा पेनड्राइव्ह नमूद असेल तर तोही मागा. मग एका तक्त्यात साक्षीदाराचं नाव, जबाबाची तारीख, आपल्या माणसाचं नाव कुठे आणि कोणत्या शब्दांत आलं हे मांडा. घटनेनंतर महिनाभराने नोंदवलेला जबाब, दोन पंचनाम्यांत तेच पंच, जप्ती आणि रासायनिक तपासणीला पाठवण्यातला लांबलचक कालावधी, दाखल्याशी न जुळणारी जखम, हे सगळं या तक्त्यातून वर येतं. अशील आणि वकील दोघांनी मिळून हे काम केलं तर उलटतपासणी अर्धी तयार होते.

मुळात गुन्हाच दिसत नसेल तर दोषमुक्तीचा, म्हणजे खटला न चालवताच सोडण्याचा, अर्ज. सत्र खटल्यात तो प्रकरण सत्र न्यायालयाकडे सोपवल्यापासून ६० दिवसांत करायचा आहे, ही मुदत नव्या संहितेने घातली. कौटुंबिक किंवा पैशांच्या वादात खरी तडजोड झाली असेल तर कलम ५२८ खाली उच्च न्यायालयाकडे गुन्हा रद्द करण्याची मागणी करता येते, पण खून, बलात्कार, दरोड्यासारख्या गुन्ह्यांत तडजोडीच्या जोरावर ते होत नाही.

खटला आणि निकाल

दोषारोप वाचून दाखवले की ‘गुन्हा कबूल आहे का?’ असं विचारतात. कंटाळून ‘कबूल’ म्हणणं फार महाग पडतं. मग साक्षीदार, उलटतपासणी, आणि शेवटी कलम ३५१ खालचा आरोपीचा जबाब. इथे प्रत्येक प्रश्नाला ‘खोटं आहे’ एवढंच म्हणण्याची सवय पडली आहे, आणि ती वाईट आहे. आपली बाजू सांगायची ही हक्काची जागा आहे, शपथ नसते, लेखी म्हणणंही देता येतं. रक्ताचा डाग कपड्यावर का आला याचं पटणारं उत्तर असेल तर ते इथे यायलाच हवं.

शिक्षा झाली तर निकालाची प्रत लगेच आणि मोफत मिळते. सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवस, दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात ३० दिवस. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल तर अपील करेपर्यंत शिक्षा देणारं न्यायालयच जामीन देऊ शकतं. त्यासाठी निकालाच्या दिवशी जामीनदार कागदांसह न्यायालयात हजर ठेवा. सरकारी नोकर ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर तो निलंबित मानला जातो. निर्दोष सुटल्यावर त्याने निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढून कार्यालयात अर्ज द्यावा, आणि तीच नक्कल पारपत्राच्या पडताळणीसाठीही जपून ठेवावी.